बेपत्ता : फ्लाइट लेफ्टनंट विजय वसंत तांबे



आपल्या गृहनिर्माण संस्थेला पंचवीस वर्षे झाली. स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून द्या, असा निरोप संपादक मंडळाकडून आला, तेव्हा बँकेत नोकरी केलेला माणूस ठेवी, व्याज किंवा फसव्या फोनपासून सावध कसे राहावे यावर लिहील, अशी सर्वांची समजूत असणार. मी मात्र एका लढाऊ वैमानिकावर लिहितो आहे. त्याला कारण आपल्या आवारातले बॅडमिंटन कोर्ट आहे.

संध्याकाळी मुले तिथे खेळतात. मी बाकावर बसून पाहतो. मागच्या हिवाळ्यात सातवीतल्या एका मुलीने विचारले, "आजोबा, तुमच्या वेळी बॅडमिंटनमध्ये कोण चॅम्पियन होतं?" माझ्या तोंडून पटकन नाव निघाले, "दमयंती तांबे." तिने हे नाव कधी ऐकले नव्हते. "मग पुढे काय झालं त्यांचं?" असे तिने विचारले आणि मला एका वाक्यात सांगता येईना. त्या दिवशी राहून गेलेले उत्तर इथे देतो.

१९७१ साली मी ब्रह्मपुरीला नेवजाबाई हितकारिणी महाविद्यालयात शिकत होतो. तेव्हा गडचिरोली वेगळा जिल्हा नव्हता, तो १९८२ साली झाला. वैनगंगेच्या अलीकडचे, पलीकडचे सगळे चांदा जिल्ह्यातच. गोंदियाहून नागभीडकडे छोटी गाडी धावायची. आम्ही चार-पाच पोरे सारवलेल्या अंगणात दोन बांबू रोवून, मच्छीमारांकडचे फाटके जाळे बांधून बॅडमिंटन खेळायचो. फूल महाग. एक फूल पिसे झडेपर्यंत पंधरा दिवस पुरवायचे. नागपूरहून पेपर दुपारनंतर हाती यायचा, तो आम्ही मागच्या पानापासून वाचायचो. त्या पानावर प्रकाश पदुकोण यांचे नाव नुकतेच गाजू लागले होते आणि महिलांमध्ये दमयंती सुभेदार, लग्नानंतरच्या दमयंती तांबे, हे नाव होते. राष्ट्रीय विजेतेपद आणि १९७० चा अर्जुन पुरस्कार. मराठी नाव म्हणून आम्हाला जरा जास्तच अभिमान.

३ डिसेंबर १९७१ च्या संध्याकाळी पाकिस्तानी विमानांनी आपल्या पश्चिमेकडच्या विमानतळांवर हल्ले केले आणि लढाई सुरू झाली. आमच्याकडे धानाची मळणी चालू होती. ब्लॅकआउटचे म्हणाल तर गावात दिवेच किती होते! स्टेशनजवळच्या हॉटेलातल्या रेडिओपुढे माणसांची गर्दी असायची. इतकी विमाने पाडली, इतकी गमावली, असे आकडे यायचे. आम्ही क्रिकेटच्या स्कोअरसारखे ते वहीत लिहून ठेवायचो. आपल्या बाजूच्या एका आकड्यामागे एक माणूस असतो, त्या माणसाचे घर असते, हे एकोणिसाव्या वर्षी डोक्यात आले नाही. १६ डिसेंबरला ढाक्याला शरणागती झाली, १७ तारखेला पश्चिम आघाडीवर युद्ध थांबले. आम्ही पेढे वाटले.

त्यानंतर पेपरच्या मागच्या पानावर दमयंती तांबे हे नाव दिसेनासे झाले. खेळ सोडला असेल, संसारात पडल्या असतील, असे आम्ही समजलो.

आता त्या वहीतल्या एका आकड्याविषयी.

फ्लाइट लेफ्टनंट विजय वसंत तांबे भारतीय वायुसेनेच्या ३२ क्रमांकाच्या स्क्वाड्रनमध्ये होते. ही स्क्वाड्रन सुखोई-७ विमाने उडवायची. आजचे सुखोई-३० वेगळे, हे त्याच्या कितीतरी आधीचे. १९६८ पासून आपण ते रशियाकडून घेऊ लागलो. एक इंजिन, एक माणूस. बॉम्ब आणि रॉकेटे घेऊन दिवसाढवळ्या, जमिनीलगत, जोराने शत्रूच्या हद्दीत शिरायचे, मारा करायचा आणि परत फिरायचे, हे त्याचे काम. मजबूत होते, पण इंधन फार प्यायचे. त्यामुळे लक्ष्यावर रेंगाळायला वेळ नाही आणि वाट चुकायची सोय नाही. विमानतळावर हल्ला करायचा तर तिथल्या तोफा वाट पाहत असणारच. १९७१ मध्ये सुखोईच्या स्क्वाड्रननी असे हल्ले रोज केले आणि त्याची किंमतही मोजली.

५ डिसेंबरला तांबे पाकिस्तानातील शोरकोट रोड या विमानतळावरच्या हल्ल्याला गेले. तिथे त्यांचे विमान पाडले गेले. ते परत आले नाहीत. दमयंतीताईंच्या लग्नाला तेव्हा दोन वर्षेही झाली नव्हती.

त्यांच्यासारखे आणखीही होते. आपले खरे बॉम्बर म्हणजे कॅनबेरा विमान. ते मुख्यतः रात्री जायचे. त्यात दोघे असायचे, विमान चालवणारा वैमानिक आणि वाट दाखवणारा नॅव्हिगेटर. उपग्रहावरून रस्ता सांगणारा मोबाईल नव्हता. अंधारात वेग, वारा, दिशा आणि घड्याळ यांचा हिशेब मांडून नॅव्हिगेटर वैमानिकाला वाट सांगायचा. ५ क्रमांकाच्या स्क्वाड्रनच्या अशाच एका कॅनबेरावर फ्लाइट लेफ्टनंट सुधीर कुमार गोस्वामी वैमानिक होते आणि फ्लाइट लेफ्टनंट श्रीकांत चंद्रकांत महाजन नॅव्हिगेटर. तेही दोघे परतले नाहीत. महाजन, तांबे, ढवळे, कदम अशी आपल्याकडची आडनावे बेपत्तांच्या यादीत वाचताना शाळेच्या हजेरीपटाची आठवण होते.

आता 'बेपत्ता' या शब्दाकडे येतो. लढाईत माणसाचे तीनच गोष्टींपैकी एक होते, असे आपल्याला वाटते. परत येतो, मरण पावतो किंवा कैदी होतो. कैद्यांसाठी जगाने १९४९ साली जिनिव्हात नियम केले आहेत. कैद्याने आपले नाव, हुद्दा, क्रमांक आणि जन्मतारीख सांगायची. पकडणाऱ्या देशाने ते रेडक्रॉसमार्फत त्याच्या देशाला कळवायचे. थोडक्यात, माणसाची खातेवहीत नोंद व्हायला हवी. नोंद झाली की तो कुठेही असला तरी हिशेबात असतो. त्याची पत्रे येतात, कधीतरी तो घरी येतो.

नोंद झालेल्यांचे उदाहरण आपल्याच मराठी माणसाचे आहे. दिलीप परुळकर हेही सुखोई-७ चेच वैमानिक, स्क्वाड्रन २६. १० डिसेंबरला त्यांचे विमान पडले आणि ते पकडले गेले. रावळपिंडीच्या छावणीत असताना त्यांनी ग्रेवाल आणि हरीश सिंहजी या दोन सोबत्यांसह भिंतीला भोक पाडले आणि १३ ऑगस्ट १९७२ च्या रात्री पळ काढला. पेशावर, जमरूद करत तिघे अफगाण सरहद्दीजवळच्या लंडी कोतलपर्यंत पोचले. तिथे त्यांनी लंडी खाना नावाच्या रेल्वे स्टेशनचा रस्ता विचारला. नकाशात स्टेशन होते, प्रत्यक्षात ते १९३२ सालीच बंद पडले होते. चाळीस वर्षांपूर्वी बंद झालेल्या स्टेशनला कोण निघाले, म्हणून लोकांना संशय आला आणि तिघे पुन्हा पकडले गेले. चार मैलांवरून स्वातंत्र्य हुकले. पण त्यांची नावे यादीत होती. १ डिसेंबर १९७२ रोजी सहाशेहून अधिक भारतीय युद्धकैदी वाघा सरहद्दीवरून परत आले, त्यांत हे तिघेही होते.

त्या दिवशी विजय तांबे आले नाहीत. त्यांचे नाव यादीत नव्हते.

मग ते गेले, असे मानून दमयंतीताई का थांबल्या नाहीत? कारण लढाईच्या त्याच दिवसांत पाकिस्तानी वर्तमानपत्रात बातमी छापून आली होती की पाच भारतीय वैमानिक जिवंत पकडले आहेत, आणि त्यात एक नाव 'टोंबे' असे होते. पुढे त्यांचे एक नातेवाईक पाकिस्तानात जाऊन आले आणि एका तुरुंगात आपण त्यांना पाहिल्याचे त्यांनी सांगितले. इतर घरांनाही असे धागेदोरे मिळत गेले. मेजर अशोक सुरी यांच्या वडिलांना मुलाची चिठ्ठी आली, तीही लढाई संपून तीन वर्षे झाल्यावर, डिसेंबर १९७४ मध्ये. मेजर ए. के. घोष यांच्या घरच्यांनी अमेरिकेच्या 'टाइम' साप्ताहिकात, २७ डिसेंबर १९७१ च्या अंकात, गजाआडच्या एका कैद्याचा फोटो पाहिला आणि आपला माणूस ओळखला.

मी आयुष्यभर कागद तपासले. त्या सवयीने या कागदांकडे पाहतो. 'तांबे'चे 'टोंबे' झाले म्हणून माणूस बदलत नाही. आमच्याकडे पासबुकावर चुकीचे स्पेलिंग असले तरी इतर खुणा जुळल्या की पैसे द्यायचो. उलट, पेपरात छापले म्हणजे सिद्ध झाले, असेही नाही. लढाईत दोन्ही बाजूंच्या बातम्या फुगवलेल्या असतात. आपले असे कैदी आपल्याकडे नाहीत, असे पाकिस्तान सातत्याने सांगत आला. म्हणजे एका बाजूला काही कागद, दुसऱ्या बाजूला नकार, आणि मध्ये एक घर.

सरकारी पातळीवर हालचाल झाली नाही असे नाही. १९७९ मध्ये परराष्ट्र राज्यमंत्री समरेंद्र कुंडू यांनी लोकसभेत पाकिस्तानी तुरुंगांतील भारतीय सैनिकांची ४० नावांची यादी दिली. नंतर १९६५ आणि १९७१ मिळून ५४ बेपत्ता हा आकडा रूढ झाला. १९८३ मध्ये काही नातेवाइकांना मुलतानच्या तुरुंगात नेले. जून २००७ मध्ये १४ नातेवाईक पाकिस्तानातले तुरुंग पाहून आले, त्यांत दमयंतीताई होत्या. दोन्ही वेळा रिकाम्या हाताने परतावे लागले. २०११ मध्ये गुजरात उच्च न्यायालयाने केंद्र सरकारला आंतरराष्ट्रीय न्यायालयात जाण्यास सांगितले, त्याला पुढच्या वर्षी सर्वोच्च न्यायालयाची स्थगिती मिळाली. तेव्हा हिशेब १९७१ चा आणि खाते अजून उघडेच.

२००७ ची ती बातमी मी बँकेतल्या टेबलावर, जेवणाच्या सुट्टीत वाचली. दमयंती तांबे हे नाव छत्तीस वर्षांनी माझ्या डोळ्यांपुढे आले. मागच्या पानावरून ते कुठे गेले होते, ते तेव्हा कळले. त्यांनी दिल्लीत जवाहरलाल नेहरू विद्यापीठात क्रीडा विभागात नोकरी केली, दुसरे लग्न केले नाही, आणि मंत्री, अधिकारी, पत्रकार यांच्या दारी त्या जात राहिल्या. डबा तसाच उघडा ठेवून मी बसलो. मला दमयंतीताई आठवत होत्याच, पण त्याहून जास्त एक वेगळीच बाई आठवत होती.

ती गोष्ट मी आजवर घरीसुद्धा सांगितलेली नाही. ऐंशीच्या दशकात मी वैनगंगेपलीकडे जंगलातल्या एका शाखेत अधिकारी होतो. तिथे एक बाई आली. नवरा बांबू कटाईच्या कामावर गेला तो परत आलाच नाही. वाघाने नेला म्हणावे तर काही सापडले नाही, दुसरीकडे गेला म्हणावे तर कोणी पाहिले नाही. त्याच्या नावावर मजुरीचे पैसे जमा होते, दोन हजारांच्या आतच. मुलीचे लग्न ठरले होते आणि तिला ते पैसे हवे होते.

मी कायदा काढला. १८७२ च्या पुरावा कायद्यातले कलम १०७ आणि १०८ आम्हाला परीक्षेला होते. तीस वर्षांच्या आत माणूस जिवंत असल्याचे माहीत असेल तर तो मेला हे म्हणणाऱ्याने सिद्ध करायचे. पण ज्यांना सहज खबर लागली असती, अशा लोकांना सात वर्षे त्याची काहीच खबर नसेल, तर तो जिवंत आहे हे म्हणणाऱ्यावर सिद्ध करण्याची जबाबदारी. सात वर्षे होऊन गेली होती. रक्कम लहान होती. पोलिसांचा दाखला आणि तिचे प्रतिज्ञापत्र यांवर काम भागले असते. तिला मदत करतोय याच भावनेने मी स्वतः मसुदा लिहिला : 'वरील इसम मयत आहे असे मी सत्यप्रतिज्ञेवर लिहून देते.' वाचून दाखवला आणि शाईचा पॅड पुढे सरकवला.

तिने अंगठा पुढे केला आणि मागे घेतला. म्हणाली, "सायेब, मी आंगठा मारीन, पर तो वापस आला त? मंग मी का सांगू त्याले?"

मी म्हटले, "बाई, कायद्याने तो मेलेलाच आहे."

माझ्या मागे रांग होती, महिनाअखेर होती. आवाज चढला असणार. ती काही बोलली नाही. पासबुक पदराच्या गाठीला बांधून निघून गेली. म्हैस विकून तिने मुलीचे लग्न केल्याचे शिपायाकडून कळले. तेव्हा मी शिपायाला म्हणालो, "अडाणी बाई आहे. हातात आलेला पैसा सोडला."

आणि २००७ साली पेपरात मी काय वाचत होतो? एक शिकलेली, इंग्रजी बोलणारी, देशाची विजेती खेळाडू तोच अंगठा मागे घेऊन छत्तीस वर्षे उभी होती. तिला कोणी अडाणी म्हणाले नसते. मी तर म्हणणारच नव्हतो, मला तिचा अभिमान होता. मग त्या बाईत आणि हिच्यात फरक काय होता? एक खुर्चीच्या अलीकडे उभी होती, एवढाच. दोघींचे म्हणणे एकच : खबर नाही, ही गोष्ट मला मान्य आहे. पण तो मेला हे माझ्या तोंडून वदवून घेऊ नका, कारण ते मला माहीत नाही.

माझे वाक्य कायद्यानेही चुकीचे होते, हे मला फार उशिरा उमगले. कलम १०८ माणसाला मारत नव्हते. ते फक्त एवढेच ठरवायचे की पुरावा कोणी द्यायचा. बाकीच्यांचे व्यवहार अडून राहू नयेत म्हणून केलेली ती सोय आहे. ज्याला ती सोय घ्यायची त्याने खुशाल घ्यावी, त्यात पाप नाही. पोराबाळांसाठी कित्येकींनी घेतली, त्यांचेही दुःख खरे. पण न घेणाऱ्याला वेडे म्हणण्याचा अधिकार कायद्याने कोणाला दिलेला नाही.

त्या शाखेतून बदली होण्याआधी मी एक काम मात्र केले होते. त्या खात्याच्या पानावर शेरा लिहिला होता : 'खातेदार बेपत्ता. मृत्यूची नोंद नाही. पत्नी हयात, गावी आहे.' तेव्हा तो नियम म्हणून लिहिला होता, माया म्हणून नाही. आता वाटते, तेवढेच बरोबर लिहिले गेले. हल्ली दहा वर्षे न हललेल्या खात्यातली रक्कम रिझर्व्ह बँकेच्या निधीत जमा होते, ही योजना २०१४ ची. पण तिथे गेली तरी खातेदाराचा किंवा वारसाचा हक्क बुडत नाही. केव्हाही मागायला या, बँकेला द्यावेच लागते. बँकेला जे जमते ते देशाला जमायला हवे, एवढे साधे माझे म्हणणे आहे. विजय तांबे आज हयात असतील असे मी म्हणत नाही. पन्नासहून अधिक वर्षे गेली आहेत, आणि खोटी आशा लावणे हेही एक प्रकारचे पापच. पण 'बेपत्ता' लिहिलेल्या ५४ नावांपुढे खरे काय ते लिहिले जाईपर्यंत ते पान फाडू नये, आणि विचारायला येणाऱ्यावर आवाज चढवू नये.

आपल्या संस्थेला पंचवीस वर्षे झाली, त्या निमित्ताने दोन विनंत्या करतो आणि थांबतो. पहिली, नोकरीची जुनी सवय म्हणून : ज्या सभासदांनी संस्थेकडे आणि बँकेत नामनिर्देशनाचा अर्ज दिलेला नाही, त्यांनी तो या महिन्यात द्यावा. मागे राहणाऱ्याला शाईच्या पॅडसमोर उभे करू नये.

दुसरी विनंती कार्यकारिणीला आहे. कोर्टाच्या भिंतीवर मुले मोठ्या खेळाडूंची नावे रंगवणार आहेत, असे कळले. सिंधू आणि सायना यांच्याबरोबर एक नाव माझ्यातर्फे घालावे : 'दमयंती तांबे, अर्जुन पुरस्कार १९७०'. रंगाचा खर्च मी देतो. तेवढेच लिहा, जास्त नको. पुढे काय झाले ते ज्या मुलाला विचारावेसे वाटेल त्याने बाकावर येऊन विचारावे. मी संध्याकाळी साडेपाचपासून तिथेच असतो.